रेनकोट हलका असावा, हलक्यात घेऊ नये

श्रावणातील नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या डोंगरांत नागद्वारची यात्रा भरते. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणारी ही वाट वर्षातून या मोजक्याच दिवसांत यात्रेकरूंसाठी खुली होते. यात्रा मध्य प्रदेशातील, पण यात्रेकरू मोठ्या संख्येने आपल्या विदर्भातले. नागपूर, अमरावती, वर्धा या जिल्ह्यांतून छिंदवाडा, तामिया, मटकुली अशी मजल मारीत माणसे पचमढी गाठतात. तेथून पुढे डोंगर उतरत-चढत, लोखंडी शिड्या पार करीत, दिवसभर पायी चालतात. आमच्या आष्टीला तर नागपंचमी दुहेरी महत्त्वाची आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, बेचाळीसच्या लढ्यात, येथे हौतात्म्य घडले. तो दिवसही नागपंचमीचाच होता. हुतात्म्यांचे स्मरण आणि नागद्वारीची तयारी, दोन्ही गोष्टी आमच्याकडे एकाच आठवड्यात येतात.

या वाटेवर तरुण असतात, तशीच साठी-सत्तरी ओलांडलेली माणसेही असतात. दरवर्षी आषाढ सरू लागला की दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो : ‘‘डॉक्टरसाहेब, औंदा नागद्वारीला जाऊ का?’’ विचारणाऱ्याच्या मागे उभा असलेला मुलगा वा सून ‘नाही’ असे उत्तर यावे म्हणून माझ्याकडे पाहत असते. हृदय, रक्तदाब, साखर, गुडघे तपासल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही आणि ते प्रत्येकासाठी निराळे असते. तो या लेखाचा विषय नव्हे. ज्यांना वैद्यकीय तपासणीनंतर होकार मिळाला आहे, त्यांच्या पिशवीतील एका वस्तूविषयी आज बोलायचे आहे. औषधे, बूट, काठी यांची चौकशी सगळे करतात. रेनकोट मात्र ‘असेल घरात कुठेतरी’ या सदरात जातो. वास्तविक पावसाळी डोंगरवाटेवर वृद्ध शरीराचे सर्वांत मोठे रक्षण हाच कोट करीत असतो.

भिजण्याने नेमके काय होते?

‘पावसात भिजले की सर्दी होते’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. सर्दी विषाणूंमुळे होते, पावसाच्या पाण्याने नव्हे. भिजण्याचा खरा धोका निराळा आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. ओला सदरा अंगाला चिकटला की शरीराची ऊब त्यातून सतत निघून जाते. त्यावर वारा लागला की पाण्याची वाफ होते आणि ती वाफ होताना आणखी उष्णता खेचून घेते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ओल्या कपड्यांतला माणूसही गार होतो.

शरीराचे आतील तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले की वैद्यकशास्त्र त्याला शीतबाधा म्हणते. यासाठी हिमालयाचीच गरज असते असे नाही. पचमढी समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटर चढाला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. वर्धा नदीच्या खोऱ्यातील उकाड्यातून निघालेला माणूस तेथे पाऊस, धुके आणि वारा यांच्यात सापडतो. पंधरा-वीस अंशांच्या हवेतही ओले अंग, वारा, रिकामे पोट आणि थकवा एकत्र आले तर शरीर थंडावू शकते.

तरुणाला अशा वेळी हुडहुडी भरते. थरथरणारे स्नायू उष्णता निर्माण करतात आणि तो सावरतो. वय वाढते तसे स्नायू कमी होतात आणि हुडहुडी क्षीण होते. त्वचेखालील रक्तवाहिन्या थंडीत पूर्वीइतक्या आकुंचन पावत नाहीत. मुख्य म्हणजे ‘मला थंडी वाजते आहे’ ही जाणीवच उशिरा होते. थायरॉईडची कमतरता, मधुमेहामुळे मंदावलेली नसांची संवेदना, झोपेच्या गोळ्या, मद्य यांनी हा धोका वाढतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचे हातपाय लवकर गार पडतात. थंडीने रक्तवाहिन्या आवळल्या की रक्तदाब चढतो आणि हृदयावरील भार वाढतो.

म्हणून रेनकोटाकडून आपली अपेक्षा काय असावी, हे आधी ठरवू. दिवसभराच्या पावसात कोणताही कोट माणसाला ठणठणीत कोरडे ठेवू शकत नाही. मानेतून, मनगटातून, घामातून ओल येतेच. कोटाचे काम माणसाला उबदार ठेवण्याचे आहे. ही एक गोष्ट पटली की पुढची सगळी निवड सोपी होते.

खोळ, घोंगडे, छत्री आणि मेणकापड

आपल्या आजोबांच्या पिढीने पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन शेतात पावसाळे काढले. घोंगडे तर उत्तमच. लोकरीचा गुण असा की ती ओली झाली तरी तिच्यात थोडी हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. दोष एवढाच की भिजलेले घोंगडे अतोनात जड होते, आणि सत्तरीच्या खांद्यांवर ते घेऊन शिडी चढणे शक्य नाही.

छत्री गावातल्या फेरफटक्याला चांगली. डोंगरात मात्र ती एक हात अडवून ठेवते, आणि ज्येष्ठांचा तो हात काठीसाठी किंवा कठड्यासाठी मोकळा हवा. यात्रेच्या बाजारात मिळणारे पातळ प्लास्टिकचे अंगरखे वेळेपुरते बरे, पण काट्याला अडकले की फाटतात आणि फाटलेले प्लास्टिक जंगलातच पडते. पाठीवरच्या पिशवीसकट अंग झाकणारा घोळदार पोंचो हवेशीर असतो. परंतु वाऱ्यात तो उडतो, त्याच्या घेरामुळे स्वतःची पावले दिसत नाहीत आणि शिडीच्या पायरीत त्याचे टोक अडकू शकते. पडण्याचा धोका असलेल्या माणसाला मी तो सुचवत नाही.

राहिला आपल्या परिचयाचा रबरी किंवा पीव्हीसीचा जाड रेनकोट. दुचाकीवर तो उपयोगी पडतो, कारण तेथे शरीर स्थिर असते. चढ चढताना शरीर भट्टीसारखे तापते. घामाला बाहेर पडायला वाट नसली की माणूस बाहेरून कोरडा आणि आतून चिंब होतो. श्रावणातल्या दमट हवेत असा कोट घालून चढणाऱ्या वृद्धाला प्रथम उकाड्याने घेरी येते. नंतर तोच माणूस टेकडीवर विसाव्याला थांबला की आतल्या घामाने गारठतो. शिवाय हा कोट इतका जड की ऊन पडले की तो गाडीत किंवा मुक्कामी ठेवून पुढे जाण्याचा मोह होतो, आणि दोन तासांनी पाऊस गाठतो.

कोटाच्या कापडाची गोष्ट

पाणी अडवणारे कापड शोधण्याचा इतिहास रंजक आहे. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेल्या रबराचा थर देण्याचे पेटंट घेतले. आपल्या देशात १९२० मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी बंगाल वॉटरप्रूफचा उद्योग उभारला. त्यांचे ‘डकबॅक’ रेनकोट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत घातले असतील. पाणी अडवण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला, पण घामाचा प्रश्न तसाच राहिला.

त्यावरचा एक मार्ग १९६९ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट गोर यांना सापडला. भांड्यांना न चिकटणारा थर म्हणून जो टेफ्लॉन आपण ओळखतो, तो झटक्याने ताणला असता त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात, असे त्यांच्या लक्षात आले. ही छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान असतात आणि वाफेच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठी. त्यामुळे बाहेरचा थेंब आत शिरत नाही, पण आतली घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. १९७६ पासून असे कापड बाजारात आले. आता टेफ्लॉनऐवजी इतर पदार्थांचे पातळ थर देऊन, कमी किमतीतही, ‘श्वास घेणारे’ कोट अनेक कंपन्या बनवतात.

गिर्यारोहकांसाठी तयार होणारे घडीचे हलके कोट याच जातीचे. दोन-अडीचशे ग्रॅम वजन, स्वतःच्याच खिशात गुंडाळला की हाताच्या मुठीपेक्षा थोडा मोठा गोळा. ज्येष्ठांसाठी हे वजन म्हणजे चैन नव्हे. जो कोट ओझे वाटत नाही तोच पिशवीत राहतो, आणि जो पिशवीत असतो तोच पावसात उपयोगी पडतो.

लेबलवरचे आकडे

दुकानात गेलात की कोटाच्या आतल्या पट्टीवर दोन आकडे दिसतील. पहिला मिलिमीटरमध्ये असतो. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ किती उंच होईपर्यंत ते गळत नाही, याचे ते माप. १,५०० च्या आसपासचे कापड हलक्या सरींना पुरते. पाठीवर पिशवी असेल तर तिच्या पट्ट्यांखाली, आणि ओल्या खडकावर टेकले तर बसण्याच्या जागी, पाण्याचा दाब वाढतो. म्हणून डोंगरासाठी ८,००० ते १०,००० चा आकडा पाहावा. त्याहून मोठ्या आकड्यासाठी ज्येष्ठांनी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरा आकडा ग्रॅममध्ये. एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती वाफ बाहेर जाते, हे तो सांगतो. १०,००० चांगला मानतात. परंतु येथे एक मेख आहे. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतील दमटपणाच्या फरकामुळे. थंड, कोरड्या देशांत हा फरक मोठा असतो. आपल्या श्रावणात बाहेरची हवाच ओलीचिंब असते, त्यामुळे उत्तम कापडही तेथल्याइतका श्वास घेत नाही. म्हणून आपल्यासाठी आकड्यांपेक्षा झरोके महत्त्वाचे. काखेखाली उघडणारी चेन, पुढची चेन दोन्ही टोकांनी उघडण्याची सोय, सैलसर बाह्या आणि खिशांच्या आत जाळी यांपैकी किमान दोन गोष्टी असलेला कोट निवडावा.

तिसरी गोष्ट लेबलवर नसते. कोट उलटा करून पाहावी लागते. प्रत्येक शिवणीवर आतून चिकटपट्टी दाबून बसवलेली आहे का? सुईच्या छिद्रांतून पाणी सर्वांत आधी शिरते. पट्टी नसेल तर कापड कितीही भारी असो, तो कोट फक्त वारा अडवेल.

एक इशारा अति हलकेपणाबद्दल. सुताची जाडी डेनियरमध्ये मोजतात. नऊ हजार मीटर सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. सव्वाशे-दीडशे ग्रॅमचे कोट दहा-पंधरा डेनियरच्या सुताचे असतात. ते धावपटूंसाठी आहेत. आपल्या वाटेवर बोराटी-करवंदाचे काटे आहेत, खडकाचा आधार घेत उतरणे आहे. वीस ते चाळीस डेनियरचा, दोनशे ते साडेतीनशे ग्रॅम वजनाचा कोट ज्येष्ठांना योग्य. थोडे वजन वाढले तरी चालेल, पण पहिल्याच दिवशी फाटणारा कोट नको.

वयाला साजेशी निवड

तरुणांसाठीच्या सल्ल्यात ज्या गोष्टी सहसा येत नाहीत, त्या येथे मुद्दाम लिहितो.

चेन आणि बोटे : संधिवाताने आखडलेल्या, थंडीने बधिर झालेल्या बोटांना बारीक चेन सापडत नाही. चेनच्या टोकाला नाडीचा मोठा फास बांधून घ्या. मनगटावर बटणाऐवजी चिकटणारी पट्टी हवी.

माप : आत पातळ स्वेटर घालूनही दोन्ही हात डोक्यावर नेता आले पाहिजेत. गोठलेल्या खांद्याचा त्रास असेल तर डोक्यातून घालायचा कोट टाळा, पूर्ण उघडणारा घ्या. मदतीशिवाय कोट घालता-काढता येणे ही पहिली अट.

लांबी : कमरेखाली चार-सहा बोटे पुरे. गुडघ्यापर्यंतचा कोट पायऱ्या चढताना अडतो आणि लघवीला बसताना अडचण करतो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांना आणि मूत्राशयावरील ताबा कमी झालेल्या स्त्रियांना ही बाब फार महत्त्वाची वाटते, पण कोणी बोलून दाखवत नाही. थंडीत लघवी अधिक होते. कपड्यांची अडचण नको म्हणून पाणीच न पिणे हा त्यावरचा घातक उपाय आहे.

टोपी : कोटाची टोपी सैल असली की मान वळवली तरी ती वळत नाही आणि डोळ्यांवर येते. बाजूचे दिसत नाही, मागून येणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. मागच्या दोरीने घट्ट होणारी टोपी घ्या आणि तिच्याखाली पुढे छज्जा असलेली साधी टोपी घाला, म्हणजे चष्म्यावर पाणी येणार नाही. श्रवणयंत्र असेल तर जोराच्या सरीत ते काढून डबीत ठेवावे.

रंग : धुक्यात राखाडी, हिरवा, काळा रंग हरवतो. पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग घ्या. गर्दीत आजोबांना शोधणाऱ्या नातवाला दुरूनही दिसला पाहिजे.

लुगडे वा साडी नेसणाऱ्या आजीबाईंसाठी : सुती लुगडे भिजले की त्याचे वजन वाढते आणि ओला काठ पावलांत येतो. त्या दिवसापुरता सलवार-कुडता नेसण्यास त्या तयार असतील तर उत्तम. नसतील तर आग्रह करू नये. पदर आत खोचून वरून कोट घालावा, साडी घोट्याच्या वर राहील अशी नेसावी आणि कोरडे लुगडे प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवावे.

घरी करून पाहण्याच्या चाचण्या

नवा कोट थेट यात्रेत घालू नका. आधी घरी तीन गोष्टी करा.

एक, अंगात जुना फिकट रंगाचा सदरा, वर कोट, असे न्हाणीत उभे राहा आणि घरच्या माणसाला खांद्यांवर, मानेमागे, चेनवर दहा मिनिटे मगाने पाणी ओतायला सांगा. नंतर सदऱ्यावर ओल कोठे दिसते ते पाहा.

दोन, गरम पाण्याच्या पेल्यावर कोटाचे कापड ताणून धरा आणि त्यावर काचेचा कोरडा पेला पालथा ठेवा. थोड्या वेळात काच धूसर झाली, तर कापडातून वाफ पार होते आहे.

तीन, डोळे मिटून कोट पिशवीतून काढा, घाला, चेन लावा, टोपी बांधा. हे दोन मिनिटांत जमत नसेल तर वाऱ्यापावसात मुळीच जमणार नाही. मग वेगळा कोट पाहा किंवा सराव करा.

वाटेवर

कोटाच्या आत काय घालता, यावर अर्धे यश अवलंबून असते. सुती बनियन घाम शोषते आणि तासन्तास ओली राहते. रोजच्या जीवनात सुती कापड उत्तम, पण पावसाळी डोंगरात अंगालगत लवकर वाळणारा पॉलिस्टरचा सदरा किंवा पातळ लोकरीचे वस्त्र बरे. पिशवीच्या तळाशी प्लास्टिकमध्ये बांधलेले कोरडे कपडे, कानटोपी, मोजे आणि पातळ स्वेटर ठेवा. औषधे, इन्शुलिन, साखरेची पुडी आणि मोबाइल वेगळ्या जलरोधक पिशवीत. कोटाच्या आतल्या खिशात नाव, आजार, चालू औषधे आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

कोट घालण्याचे एक सोपे सूत्र आहे : चढताना उघडा, थांबताना मिटा. चढाला लागण्यापूर्वी किंचित गार वाटेल एवढेच कपडे अंगावर असू द्या. अंग तापले की काखेच्या आणि पुढच्या चेन उघडा. विसाव्याला, रांगेत किंवा मंडळांच्या भंडाऱ्यात प्रसादाला थांबलात की लगेच कोट नीट मिटवा, पाऊस नसला तरीही. कारण वारा असतोच. आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी कोट घाला. भिजल्यानंतर घातलेला कोट ओल आतच कोंडतो.

तहान लागली नाही तरी घोट घोट पाणी पीत राहा. उपवासाने यात्रा करण्याची अनेकांची पद्धत आहे. मधुमेह असेल आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कडक उपवास आणि डोंगर या दोन्ही गोष्टी एकत्र करू नयेत. संध्याकाळी पावले कोरडी करून बोटांच्या बेचक्यांत पाहावे. मधुमेही माणसाला फोड झालेला कळत नाही.

थंडावलेले माणूस कसे ओळखावे?

हा भाग सोबत चालणाऱ्यांसाठी आहे, कारण थंडावलेल्या माणसाला स्वतःला ते कळत नाही.

नेहमी बोलणारा माणूस गप्प होतो. उत्तर तुटक, जिभेवर अडखळणारे येते. हातातली काठी निसटते, चेन लावता येत नाही, पाय अडखळतो. चिडचिड होते किंवा ‘मला इथेच बसू द्या’ असा हट्ट धरला जातो. सोबतचे म्हणतात, थकले असतील. थकलेही असतील, पण पोटावर हात ठेवून पाहा. पोटाची त्वचाही गार लागली तर ती शीतबाधा समजा. हुडहुडी भरत असेल तोवर शरीर झगडते आहे. हुडहुडी थांबली आणि माणूस मात्र सुस्त झाला, तर ती सुधारणा नव्हे, धोक्याची घंटा आहे.

त्याला वाऱ्यापासून आडोशाला न्या. ओले कपडे काढून अंग हलक्या हाताने टिपा, कोरडे कपडे आणि कानटोपी घाला, खाली घोंगडी वा चटई अंथरा. मग वरून रेनकोट घाला. तो वारा अडवील. शुद्ध नीट असेल आणि गिळता येत असेल तर गोड, कोमट चहा वा दूध द्या. हातपाय जोराने चोळू नका, शेकोटीजवळ नेऊन भाजू नका आणि ‘गरमी येईल’ म्हणून मद्य मुळीच देऊ नका. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या पसरतात आणि उरलीसुरली ऊब निघून जाते. मधुमेही माणसात साखर उतरण्याची लक्षणेही अशीच असतात. यंत्र असेल तर तपासा, नसेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर साखर द्या. माणूस गोंधळलेला, झोपाळलेला किंवा बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काही घालू नका. त्याला आडवे ठेवून, कमीत कमी हलवून, यात्रेतील जवळच्या वैद्यकीय पथकाला बोलवा किंवा १०८ वर फोन करा.

मुलांसाठी आणि सुनांसाठी चार शब्द

आईवडिलांना महागडा कोट आणून देणे सोपे असते. तो कपाटात घडी घालून राहतो, कारण रंग आवडलेला नसतो, चेन लागत नाही, किंवा ‘एवढा पैसा कशाला घातला’ म्हणून तो जपून ठेवलेला असतो. त्यांना दुकानात सोबत न्या. त्यांनाच घालून पाहू द्या, रंग निवडू द्या. आठवडाभर सकाळच्या फिरण्यात तोच कोट वापरायला सांगा. तो अंगवळणी पडला की यात्रेत विसरला जाणार नाही.

आणि ‘जाऊच नका’ हे उत्तर सहज देऊ नका. प्रकृती खरोखरच नकार देत असेल तर डॉक्टरांकडून कारणासह समजावून घ्या. पण प्रकृती साथ देत असताना केवळ आपल्या काळजीपोटी घातलेली बंदी ज्येष्ठांना घरातच म्हातारे करते. चालणारे पाय, सोबतची माणसे आणि दरवर्षी वाट पाहावी असे काहीतरी असणे, हीसुद्धा औषधेच आहेत. आषाढी वारीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेच्या पालखीसोबत पंढरपूरला चालणारे असोत, नागद्वारीला जाणारे असोत, की केवळ रोज सकाळी शेताच्या बांधापर्यंत जाणारे. त्यांची काळजी घ्यायची तर त्यांची तयारी चांगली करून द्या.

परत आल्यावर

ओला कोट त्याच्या पिशवीत कोंबून ठेवू नका. बुरशी धरते आणि आतला थर सुटू लागतो. सौम्य साबणाने हाताने धुवा, भरपूर पाण्याने खळबळा, पिळू नका, सावलीत वाळवा. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव वापरू नका. नव्या कोटावरून पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. काही पावसाळ्यांनंतर कापड पाणी पिऊ लागते. मग वाफेची वाट बंद होते आणि कोट आतून ओला वाटतो. थेंब पुन्हा घरंगळावेत यासाठी बाजारात फवारे मिळतात. लेबलवर लिहिल्याप्रमाणे ते वापरावेत. आतला थर चिकट लागू लागला किंवा त्याचे पोपडे निघू लागले, तर त्या कोटाचे आयुष्य संपले. तो गोठ्यात वापरा, डोंगरात नेऊ नका.

नागपंचमीला अजून काही दिवस आहेत. कपाटातला रेनकोट या रविवारी बाहेर काढा, उलटा करून त्याच्या शिवणी पाहा आणि न्हाणीत उभे राहून त्याच्यावर दोन बादल्या पाणी ओतून घ्या. गळत असेल तर ते घरीच कळलेले बरे.